साउंडवाल्याला आधी काय सांगायचं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात कार्यक्रमांच्या खर्चाबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं आणि भरपूर पत्रं आली. बहुतेकांचं दुखणं एकच, हॉल आणि जेवणाचा आकडा ठरल्यासारखा राहतो पण साउंड, स्क्रीन, लाइट, कॅमेरा धरायला गेलं की सगळं बजेट हलतं. मी वीसेक वर्षं साउंडच्या मिक्सरमागे बसलोय आणि आता शाळांना, मंडळांना कार्यक्रम बसवून देतो, त्यामुळे कोटेशन देणाऱ्याची बाजू पण माहितीये आणि घेणाऱ्याची पण. चार प्रश्न घेतोय, पहिल्यावर जरा जास्त बोलणार आहे कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

आमच्या शाळेला ७५ वर्षं होतायत. जानेवारीत पटांगणावर माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, साधारण ६०० लोक. साउंडवाल्याने एका ओळीचं कोटेशन दिलंय, 'साउंड, लाइट, एलईडी कंप्लीट, १,८०,००० रुपये'. कुणी महाग म्हणतं, कुणी ठीक. ठरवायचं कसं? – माजी विद्यार्थी संघाच्या सचिव, सातारा जिल्हा

ताई, एका ओळीवरून महाग की स्वस्त हे मलाही सांगता येणार नाही. पहिलं विचारा की जीएसटी धरून का सोडून, कारण १८ टक्के वर लागला तर ३२,४०० वाढून आकडा २,१२,४०० होतो आणि हे बऱ्याच जणांना बिल हातात आल्यावर कळतं. मग टेम्पोभाडं, हमाली, ऑपरेटर, आदल्या दिवशीचं सेटिंग, जनरेटरचं डिझेल यातलं 'कंप्लीट'मध्ये काय आहे आणि काय नाही ते लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं तरी चालेल, पण तोंडी नको.

पण खरं सांगू का, त्याच्या आधीचा प्रश्न असा की तुम्ही त्याला काय सांगितलंत? बहुतेक वेळा आपण एवढंच सांगतो की मोठा कार्यक्रम आहे, सहाशे माणूस आहे, काही कमी पडायला नको. असं ऐकल्यावर तो बिचारा सगळंच धरतो, आठ कॉर्डलेस (बिनवायरचे) माईक, शार्पी (फिरत्या झोताचे लाइट), ट्रस (लाइट टांगायचा सांगाडा), मोठी एलईडी वॉल (पॅनल जोडून केलेला स्क्रीन), कारण ऐनवेळी काही कमी पडलं तर शिव्या त्यालाच बसणार. म्हणून सामान सांगू नका, कार्यक्रम सांगा. एक कागद घ्या आणि मिनिटामिनिटाचं लिहा, साडेपाचला दीपप्रज्वलन, मग प्रार्थना, बारा मुलं पेटी-तबल्यासह, मग शिक्षकांचा सत्कार, मग पाच मनोगतं, पंधरा मिनिटांची फिल्म, शेवटी गाणी. आता प्रत्येक ओळीपुढे लिहा की एकाच वेळी किती माईक चालू लागतील. मनोगताला एकावेळी एकच माणूस बोलतो, तिथे पोडियमचा एक वायरवाला माईक बास. निवेदिकेला एक कॉर्डलेस आणि एक राखीव. प्रार्थनेला स्टँडवर दोन माईक मुलांसमोर आणि पेटी-तबल्याला एकेक. आठ कॉर्डलेसची गरजच राहत नाही, आणि वायरवाला माईक स्वस्त पडतो शिवाय ऐन भाषणात सेल संपायची भीती नाही.

ही यादी हातात असली की कुठे कापायचं ते आपोआप दिसतं. माझं म्हणणं स्पष्ट आहे, ऐकू येण्यावरचा पैसा कापू नका, दिसण्यावरचा कापा. एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवाला मी मदतीला होतो, तिथे १२ बाय ८ फुटांची एलईडी वॉल दिवसभरासाठी घेतली होती आणि दिवसभर तिच्यावर नुसता बॅनरचा फोटो उभा होता. वॉलमध्ये पैसे गेले म्हणून साउंड दोन स्पीकर बॉक्सवर भागवलं. कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतले एक निवृत्त सर माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "माझ्याबद्दल काय बोलले रे मघाशी?" त्यांचाच सत्कार झाला होता आणि त्यांनाच ऐकू आलं नव्हतं. ते मला आजही लागतं, कारण त्या दिवशी मी कमिटीशी आधी भांडायला हवं होतं.

मोकळ्या पटांगणावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो. पहिली रांग बॉक्सपासून ५ मीटरवर आणि शेवटची ४० मीटरवर असेल तर मधे तीन दुपटी झाल्या, म्हणजे १८ डेसिबल गेले, आणि मग मागच्यांना ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की पुढच्यांचे कान बधिर होतात आणि माईक शिट्टी मारायला लागतो. यावर मोठे बॉक्स हा उपाय नाहीये, खुर्च्यांच्या निम्म्या अंतरावर दोन्ही बाजूंना एकेक छोटा बॉक्स स्टँडवर लावायचा आणि ऑपरेटरला त्या बॉक्सना डिले द्यायला, म्हणजे त्यातला आवाज किंचित उशिरा सोडायला सांगायचं. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, २० मीटरवरच्या बॉक्सला साधारण ६० मिलिसेकंद डिले लागतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. दोन छोट्या बॉक्सचं भाडं म्हणजे एलईडीच्या खर्चापुढे काहीच नाही.

आता एलईडी. फिल्म पंधरा मिनिटांची आहे आणि जानेवारीत साडेसहाच्या आत सूर्य मावळतो, तर फिल्म सातनंतर ठेवा, पूर्ण अंधार पडला की चांगल्या प्रोजेक्टरवर आणि मोठ्या पडद्यावर काम भागू शकतं, फक्त पडद्यावर स्टेजचे किंवा मैदानातले लाइट पडता कामा नयेत आणि आदल्या रात्री ट्रायल घ्या. एलईडीच हवी असेल तर दोन गोष्टी बघा. एक, तो पी २.६, पी ३.९ असे आकडे सांगेल, म्हणजे दोन ठिपक्यांमधलं अंतर, त्याला पिच म्हणतात, मिलिमीटरमध्ये. ढोबळ हिशोब असा की जेवढे मिलिमीटर तेवढ्या मीटरपासून पुढे चित्र नीट दिसतं, मग तुमची पहिली रांग ५ मीटरवर असेल तर पी ३.९ पुरे, बारीक पिचचे जास्त पैसे कशाला द्यायचे? दुसरी गोष्ट आकाराची. आपले व्हिडिओ १६ बाय ९ चे असतात आणि भाड्याचे बरेच पॅनल अर्धा मीटर चौरस असतात. १२ बाय ८ फूट म्हटलं की तो आडवे सात आणि उभे पाच असे ३५ पॅनल लावतो, आणि फिल्म चालू झाली की वर-खाली काळी पट्टी दिसते. आडवे सात, उभे चार लावले तर चित्र जवळजवळ बरोब्बर बसतं आणि २८ पॅनलमध्ये काम होतं. सात पॅनलचं भाडं वाचलं आणि प्रेक्षकांना फिल्म तेवढीच मोठी दिसली.

आणि हो, शाळेचं गॅदरिंग कधी असतं? जमलं तर मेळाव्याच्या लगेच दुसऱ्या दिवशी लावा. टेम्पो, हमाली, मांडामांड हा खर्च एकदाच होतो त्यामुळे त्याच सामानाचा दुसरा दिवस बऱ्यापैकी कमी पैशात मिळतो, फक्त हे कोटेशन मागतानाच बोला, ॲडव्हान्स दिल्यावर नाही.

आमच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेचं यूट्यूबवर लाइव्ह करायचंय. तीन कॅमेऱ्यांचं कोटेशन आमच्या वर्षभराच्या पुस्तकखरेदीएवढं आहे. मोबाईलवर केलं तर फार हौशी दिसेल का? – ग्रंथपाल, कोकण

दादा, व्याख्यान आहे, एक माणूस उभा राहून बोलतोय, तीन कॅमेरे काय दाखवणार? एक मोबाईल चांगल्या स्टँडवर, वक्ता कमरेपासून वर दिसेल असा लावा, चार्जर लावून ठेवा, एअरप्लेन मोड नाही पण कॉल बंद करा. लाइव्ह बघणारे चित्राला माफ करतात, आवाजाला करत नाहीत. मोबाईलचा स्वतःचा माईक हॉलमधला घुमारा आणि खोकला उचलतो आणि मग दहा मिनिटांत लोक निघून जातात. म्हणून साउंडवाल्याला आधीच सांगा की मिक्सरच्या ऑक्स आउटमधून (आवाज वेगळा बाहेर काढायची जागा) मोबाईलला लाइन हवी. त्यासाठी छोटा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे मिक्सरचा आवाज मोबाईलला झेपेल असा करून देणारी डबी लागते, ती भाड्याने घेण्यापेक्षा विकतच घ्या, दरवर्षी उपयोगी पडेल. सरळ वायर खुपसू नका, मिक्सरचा सिग्नल जोरात असतो आणि आवाज फाटतो.

इंटरनेटचा हिशोब असा, ४ एमबीपीएसने दोन तास पाठवलं तर साधारण ३.६ जीबी डेटा जातो, पण प्रश्न डेटाचा नसतो, अपलोड स्पीडचा असतो. हॉलमध्ये कार्यक्रमाच्याच वेळेला जाऊन मोजा, लागणाऱ्याच्या दुप्पट स्पीड मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर लाइव्हचा हट्ट सोडा, नीट रेकॉर्ड करून रात्री टाका. आणखी एक, यूट्यूबवर मोबाईलमधून लाइव्ह करायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा लाइव्ह चालू करून घ्यायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो, त्यामुळे हे काम आदल्या संध्याकाळी काढू नका, आठवडाभर आधी करून ठेवा.

आम्ही अमेरिकेत मराठी मंडळाच्या कमिटीवर आहोत. दिवाळीचा कार्यक्रम हॉटेलच्या बॉलरूममध्ये आहे, हॉल परवडला म्हणून ॲडव्हान्स भरला, पण हॉटेलच्या एव्ही (साउंड-स्क्रीनवाल्या) कंपनीचा आकडा हॉलच्या भाड्याच्या वर गेलाय. आता काय? – खजिनदार, न्यू जर्सी

ॲडव्हान्स भरायच्या आधी विचारला असतात तर उत्तर सोपं होतं, कारण तिकडच्या हॉटेलांचं गणितच असं असतं की हॉलमध्ये सूट देतात आणि एव्हीमध्ये भरून काढतात. करारावर सही व्हायच्या आधी बाहेरचा साउंडवाला आणायची परवानगी लिहून घ्यायची असते आणि त्याबद्दल हॉटेल काही फी लावणार का तेही. आता सही झालीच असेल तर करार पुन्हा वाचा, बऱ्याच वेळा छताला काही टांगायचं काम आणि वीज एवढंच हॉटेलकडून सक्तीचं असतं, बाकी साउंड बाहेरून चालतं. असं असेल तर छताला काही टांगूच नका, बॉक्स स्टँडवर आणि पडदा जमिनीवर.

त्यांच्याकडूनच घ्यायचं झालं तर आकड्याच्या खालचं वाचा. सर्व्हिस चार्ज वीस-पंचवीस टक्के असू शकतो आणि त्यावर टॅक्स. माणसांचे तास धरताना किमान चार-पाच तासांचं पॅकेज असतं, त्यानंतर ओव्हरटाइम. तुमची मुलांची तालीम सकाळी दहाला, कार्यक्रम सहाला, आणि मधे टेक्निशियन रिकामा बसलेला पण मीटर चालू, हे टाळा, तालीम आणि कार्यक्रम लागून ठेवा. आणि आपल्या मंडळींना वेळेत यायची सवय लावा हो, पाऊण तास उशीर झाला की तो पाऊण तास बिलात येतो.

पुढच्या वर्षी गावातल्या हायस्कूलचं ऑडिटोरियम बघा. साउंड, लाइट, पडदा तिथेच बसवलेला असतो आणि नाटकाला, गाण्याला ते बॉलरूमपेक्षा किती तरी चांगलं, जेवण मात्र कॅफेटेरियात करावं लागेल. भारतातून कलाकार येणार असतील तर त्यांचे कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचे ॲडाप्टर १२० व्होल्टवर चालतात का ते त्यांनाच इकडून निघण्याआधी बघायला सांगा, नाहीतर शेवटच्या तासाला वस्तू भाड्याने आणताना मिळेल त्या भावाने घ्यावी लागते.

मांडववाला ६२.५ केव्हीएचा जनरेटर घ्याच म्हणतोय. लागतो का एवढा? – गणेश मंडळ कार्यकर्ता, नाशिक

भाऊ, सगळ्यांकडून लोड किलोवॅटमध्ये लिहून घ्या आणि बेरीज करा. २५ केव्हीएचा जनरेटर साधारण २० किलोवॅट देतो, ६२.५ चा ५०. बऱ्याच मांडवांत लोड वाढवतात ते हॅलोजन, ५०० वॉटचे वीस हॅलोजन म्हणजे १० किलोवॅट झाले, त्याजागी १०० वॉटचे एलईडी फ्लडलाइट लावा, २ किलोवॅटमध्ये काम होतं. पण बेरजेवर थोडी मोकळीक ठेवाच आणि साउंडची लाइन लाइटपासून वेगळी घ्या, अर्थिंग नीट करून घ्या, तिथे एक रुपया वाचवायचा नाही. महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन रीतसर घेतलंत तर जनरेटर फक्त बॅकअपला राहतो आणि डिझेल जळत नाही, भाडं ठरवताना स्टँडबायचा वेगळा आणि चालू तासांचा वेगळा भाव मागा. रात्री १० नंतर स्पीकर बंद करावा लागतो, सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले तर, मग साउंडवाल्याला मध्यरात्रीपर्यंतचे पैसे द्यायचं कारण नाही.