तापमापी घेतलीस, आता आधी जागा शोध

तापमापी महाग की स्वस्त, हे नंतर बघू. उन्हात टांगलेली तापमापी हवेचं नाही, स्वतःच्याच तापलेल्या काचेचं तापमान दाखवते. पत्र्याला किंवा भिंतीला टेकवलीस तरी तेच. म्हणूनच वेधशाळेत ती पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत असते, स्टीव्हन्सन पेटीत. वारा आरपार खेळतो, ऊन आत शिरत नाही. तशी पेटी सुताराकडून करून घे. दार उत्तरेकडे, तापमापी जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, खाली गवत किंवा माती. गच्चीचा कोबा मुळीच नको.

किमान तापमापीत, म्हणजे सगळ्यात कमी तापमान टिपणारीत, अल्कोहोल आणि एक बारीक सूचक, म्हणजे आत सरकणारी काडी, असते. सूचकाचं, तापमापीच्या तळच्या फुग्यापासून लांबचं टोक वाचायचं. नवखे नेमके इथेच चुकतात, मीही वर्षभर चुकत होतो. नोंद झाली की नळी तिरकी करून सूचक अल्कोहोलच्या टोकाशी आण. सगळ्यात जास्त तापमान टिपणाऱ्या कमाल तापमापीतला पारा आपोआप उतरत नाही, ती झटकावी लागते.

वाचताना डोळा पाऱ्याच्या पातळीत हवा. दशांश आधी वाच, पूर्ण अंश मागाहून, कारण आपल्या श्वासानंही पारा हलतो. आणि वेळ रोज तीच ठेव. मी सकाळी साडेआठची पाळतो.