डिमेन्शिया असलेल्या आईला परदेशी बरोबर न्यावं का?

तुम्ही विचारलंत, डिमेन्शिया झालेल्या आईला परदेशी बरोबर न्यावं का, आणि नेलं तर निभावण्याचं बळ कुठून आणायचं. नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या आईला घेऊन आले, म्हणून सविस्तर सांगते.

आधी आजार किती पुढे गेलाय ते बघा. सुरुवातीला नवं घर अंगवळणी पडू शकतं. नंतर नवी आठवण धरतच नाही, आणि बाथरूमचं दार रोज नव्याने शोधावं लागतं. आईचा पहिला महिना "घरी कधी जायचं?" यातच गेला. दिवस कलला की घालमेल वाढायची. या आजारात ती अनेकांची वाढते. "हेच आपलं घर" असं मी समजवायला गेले की ती रडायची. "जाऊ या, आधी जरा माझ्याजवळ बस" म्हटलं की शांत व्हायची.

समजून सही करता येते आहे तोवर मुखत्यारपत्र आणि बँकेचे कागद करून घ्या. औषधांची मूळ नावं लिहून घ्या. कंपनीची नावं देशागणिक बदलतात. आधीपासूनचा आजार विम्यात बसतो का, तेही विचारा. एक-दोन दिवसांत एकाएकी गोंधळ वाढला तर डिमेन्शियाच वाढला असं धरून चालू नका. लघवीचा संसर्गही असू शकतो. मी तेव्हा चार दिवस वाट पाहिली, त्याची रुखरुख अजून आहे.

नंतर शिकलेली भाषा बहुतेकदा आधी जाते. आईला शेवटी मराठीच उरली. दुखतंय, तहान, भीती असे वीसेक शब्द मी मदतनीस बाईंना शिकवले.

आता बळाचं. पहिली दोन वर्षं मी एकच मागत होते, आईची स्मृती परत येऊ दे. डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही जणांची लक्षणं काही काळ सावरतात, पण आजार थांबत नाही. देवाने ऐकलं नाही असं वाटून मी प्रार्थनाच सोडली होती. एका रात्री तिने मला "बाई, तुम्ही कोण?" विचारलं. मला बोलवेना. तिच्या उशाशी बसून, तिनेच लहानपणी शिकवलेली प्रार्थना मी पुटपुटू लागले, आणि पुढची ओळ तिने धरली. शेवटपर्यंत म्हणाली, एक शब्द न चुकता. लहानपणी चालीवर पाठ झालेलं फार उशिरापर्यंत टिकू शकतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. माझ्यासाठी त्या रात्री ती खोलीत परत आली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही एकत्र म्हणतो. मागणं आपोआप थांबलं.

तरी नुसत्या श्रद्धेवर रात्री निघत नाहीत. आठवड्यातून दोन दुपारी कुणीतरी येऊन बसेल अशी सोय पोहोचताच करा, अपराधी वाटलं तरी.

तुमच्या आईला रोज भेटणारी मायेची माणसं तिथे असतील, तर माझ्या मते तिला हलवू नका. ती कुठपर्यंत ओळखते, रात्री झोपते का, ते कळवा. आणि तिची प्रार्थना तिच्याच चालीत आत्ताच शिकून घ्या.