अमेरिकेत आल्याआल्या स्वस्तातलं प्रीपेड सिम घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की सांगलीहून दोघं कोलंबसला (ओहायो) शिफ्ट होताय आणि महिना 15 डॉलरवालं प्रीपेड घेतलं तर नंतर पस्तावायची वेळ येईल का. मी इथेच डब्लिनला राहतो, कोलंबसला लागूनच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

प्रीपेड घ्याच. नवीन माणसाकडे क्रेडिट हिस्ट्री नसते, सोशल सिक्युरिटी नंबर (इथला सरकारी ओळख क्रमांक) यायला वेळ लागतो, आणि प्रीपेडला यातलं काही अडत नाही. पण वर्षाचे पैसे एकदम भरू नका, निदान पहिले काही महिने तरी नाही. मिंट नावाच्या स्वस्त सिम कंपनीची 15 डॉलरची जाहिरात दिसते ना, त्यात 3 महिन्यांचे एकदम भरायचे असतात आणि पुढे छोट्या प्लॅनला तोच दर हवा असेल तर 12 महिन्यांचे. म्हणजे घर कुठे मिळणार, ऑफिसच्या बेसमेंटमध्ये रेंज येते का, हे कळायच्या आत पैसे अडकले.

या स्वस्त कंपन्यांचे बहुतेक वेळा स्वतःचे टॉवर नसतात. टॉवर मुख्यतः तिघांचे, व्हेरायझन, एटी अँड टी आणि टी-मोबाइल. मिंट टी-मोबाइलवर चालते (2024 पासून तर त्यांचीच झालीय), व्हिजिबल व्हेरायझनची, क्रिकेट एटी अँड टीची. आता खरा तोटा इथे आहे. टॉवरवर गर्दी झाली की मोठ्या कंपनीच्या महागड्या पोस्टपेडवाल्यांचा डेटा आधी जातो आणि आपला मागे राहतो, याला डीप्रायोरिटायझेशन म्हणतात. एरवी जाणवतसुद्धा नाही हो, पण ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीची फुटबॉल मॅच असली की स्टेडियममध्येच लाखभर माणसं, बाहेरची वेगळी, तेव्हा फोनवर सगळ्या काड्या फुल आणि उबर बुक करायला गेलं तर नुसतं गोल गोल फिरत बसतं, शेजारी उभा मित्र त्याच टॉवरवरून पोस्टपेडवर व्हिडिओ पाठवतोय. काड्या बघून फसू नका. प्लॅनच्या माहितीत 'प्रीमियम डेटा' किंवा 'प्रायोरिटी डेटा' किती जीबी आहे ते बघा, काहीच लिहिलं नसेल तर बहुतेक शून्य समजा. 2024 पासून एफसीसीने (इथली सरकारी टेलिकॉम नियामक संस्था) प्रत्येक प्लॅनला एक लेबल सक्तीचं केलंय, बिस्किटाच्या पुड्यावरच्या तक्त्यासारखं, त्यात खरा दर, जादाचे चार्जेस, साधारण स्पीड सगळं असतं, तेवढं वाचूनच पैसे भरा.

दुसरं म्हणजे शहराबाहेर. मोठ्या कंपन्यांचं दुसऱ्यांच्या टॉवरवर रोमिंग असतं, स्वस्त प्लॅनमध्ये ते बऱ्याचदा काढलेलं असतं. हॉकिंग हिल्सला (इथलं फिरायला जायचं डोंगराळ पार्क) सगळेच जातात आणि तिथे दरीत रेंजची बोंब आहे, निघायच्या आधी घरच्या वायफायवर मॅप डाऊनलोड करा. 911, म्हणजे इथला आणीबाणीचा नंबर, मात्र कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून लागतो, अगदी प्लॅन संपला असला तरी, फक्त टॉवर आवाक्यात पाहिजे. आणि वायफाय कॉलिंग चालू करताना पत्ता विचारतात तो नीट भरा, घर बदललं की बदला, कारण तिथून 911 लावला तर तोच पत्ता पुढे जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, नंबर. इथे बँक, पगाराचं पोर्टल, भाड्याचं ॲप, सगळं त्या एका नंबरवर. एका छोट्या कंपनीतून मी नंबर पोर्ट केला तेव्हा तो मधेच लटकला, ना जुनीकडे ना नवीनकडे, दुकान नाही, फोनवर माणूस नाही, नुसती चॅट, आणि तोवर बँकेचा ओटीपी कुठेच येईना. भाडं भरायची तारीख तोंडावर होती, जीव टांगणीला लागला होता. म्हणून सांगतो, पोर्ट करायचं तर आधी अकाउंट नंबर आणि ट्रान्सफर पिन हातात घ्या, आणि जुना प्लॅन चालू असतानाच करा. तो संपू दिला तर नंबर हातचा जाऊ शकतो. गुगल व्हॉइसवर (इंटरनेटवरून चालणारा गुगलचा फोन नंबर) विसंबू नका, बऱ्याच बँका तो नंबर घेतच नाहीत.

भारतातला नंबरही सोडू नका, आधार आणि बँक त्यावरच आहे. निघायच्या आधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्ज चालू ठेवा, ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड सिम 90 दिवस काहीच वापरलं नाही आणि बॅलन्सही नसेल तर बंद होऊ शकतं. आयफोन घ्यायचा विचार असेल तर तिकडूनच आणलेला बरा, अमेरिकेतल्या आयफोनला 14 पासून सिमचा ट्रे नाही, मग भारतातलं साधं सिम घालणार कुठे?

अँड्रॉइड असेल तर बँड, म्हणजे फोन कुठल्या फ्रीक्वेन्सी पकडतो ते, तपासावे लागतील. टी-मोबाइलचा 71 नंबरचा बँड, जो लांबवर आणि घराच्या आत पोचतो, भारतातल्या बऱ्याच फोनमध्ये नसतो, आणि एटी अँड टी तर स्वतःच्या यादीत नसलेला फोन घेतच नाही, त्यांच्या टॉवरवरच्या स्वस्त कंपन्यांचंही तेच. दोघांच्या फोनचं पूर्ण मॉडेल लिहा, बॉक्सवर असतं ते, मी बँड बघून सांगतो कुठलं सिम चालेल.