मॅनेजर म्हणतो दहा वर्षं, कायदा म्हणतो सात

प्रश्न : ताई, मेलबर्नमध्ये एकाच खासगी कंपनीत साडेसात वर्षं नोकरी करतेय. मुलगी झाल्यावर वर्षभर बिनपगारी रजेवर होते. गेली दोन वर्षं आठवड्याला तीनच दिवस जाते. दिवाळीनंतर सांगलीला सासूबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे, तीन महिने तिथे राहायचंय. मॅनेजर म्हणतो, लाँग सर्व्हिस लीव्ह (एकाच कंपनीत बरीच वर्षं काम केल्यावर मिळणारी पगारी रजा) दहा वर्षांनीच मिळते, आणि मध्ये रजा घेतल्याने माझी सर्व्हिस तुटली. खरं आहे का?
– एक वाचक, टार्निट

उत्तर : तुमचा मॅनेजर सिडनीहून आलाय का हो? दहा वर्षांचा नियम न्यू साउथ वेल्सचा, म्हणजे सिडनीच्या राज्याचा. आपल्या मेलबर्नच्या राज्यात, व्हिक्टोरियात, 1 नोव्हेंबर 2018 पासून सात वर्षं पुरी झाली की ही रजा घेता येते. बाळंतपणाच्या रजेने सर्व्हिस तुटत नाही. 52 आठवड्यांपर्यंतची बिनपगारी रजा तर सर्व्हिसमध्येच धरतात. म्हणजे साडेसातच्या साडेसात वर्षं तुमची.

हिशेब सोपा आहे. दर 60 आठवड्यांना एक आठवडा. तुमचे 390 आठवडे झाले, म्हणून साडेसहा आठवडे. कंपनीची तयारी असेल तर अर्ध्या पगारावर त्याचे तेरा करता येतात, पण घराचा हप्ता चालू असेल तर मी तरी ते करणार नाही. त्यापेक्षा वर्षाची चार आठवड्यांची रजा जोडा, साडेदहा आठवडे पुऱ्या पगारावर होतात. उरलेले बिनपगारी मागा.

खरी मेख पगारात आहे. तीन दिवसांच्या दराने पैसे लावले तर लगेच मान्य करू नका, आधी तारखा बघा. रजा सुरू होण्याआधीच्या दोन वर्षांत (104 आठवड्यांत) कामाचे तास बदलले असतील तर गेलं एक वर्ष, गेली पाच वर्षं आणि पूर्ण सर्व्हिस, या तिन्हींची सरासरी काढायची आणि सर्वांत जास्त येईल ती धरायची. तुम्ही आधी पूर्णवेळ असाल आणि तीन दिवसांचा बदल याच दोन वर्षांत बसत असेल, तर हा फरक चांगलाच जाणवेल. पेरोलवाले हे आपणहून करतीलच असं नाही. मी त्याच खात्यात होते, म्हणून सांगते.

‘रजा नको, पैसेच घ्या’ असं म्हणाले तर तेही चालत नाही. नोकरीत असताना या रजेचे पैसे देणं व्हिक्टोरियात बेकायदा आहे. नोकरी सोडलीत तर मात्र शिल्लक रजेचे पैसे शेवटच्या दिवशी मिळायला हवेत.

आणि परदेशी लोकांचे चोचले म्हणून संकोचू नका. एकोणिसाव्या शतकात इथल्या सरकारी नोकरांना बोटीने इंग्लंडला घरी जाऊन यायला म्हणूनच ही रजा सुरू झाली!

आता तारखा घालून ईमेल करा, तोंडी नको. कामाचं सबळ कारण असल्याशिवाय त्यांना नाही म्हणता येत नाही, आणि ते कारण लेखी मागा.