लाल तेवढा काढा, काळा राहू द्या
जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफलींविषयी वाचकांचे प्रश्न

हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेत तळघरांतून आणि माळ्यांवरून जुन्या रायफली बाहेर निघतात. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न खालच्या लिव्हरने चालणाऱ्या रायफलींबद्दलच आहेत. त्यांतले काही निवडून उत्तरं देतो आहे.

आम्ही पेनसिल्व्हेनियात जुनं घर घेतलं. तळघरातल्या तुळईवर विंचेस्टर ९४ सापडली. सगळीकडे लाल गंज आहे आणि लिव्हर जागची हलत नाही. सुरुवात कुठून करू?

ती भरलेली आहे असं धरून सुरुवात करा. या रायफलीत काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत एकामागे एक बसतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलते. गंजलेल्या नळीत काडतूस वर्षानुवर्षं अडकून राहू शकतं. त्यामुळे लिव्हरला हिसके देऊ नका, चापाला बोट लावू नका आणि तोंड सतत सुरक्षित दिशेला ठेवा. रिसीव्हरच्या, म्हणजे नळीमागच्या यंत्रणेच्या धातूच्या पेटीच्या, सगळ्या फटींत गंज सोडवणारं पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस तशीच राहू द्या. त्यानंतरही लिव्हर हटली नाही, किंवा उघडल्यावर आत काडतूस अडकलेलं दिसलं, तर थांबा. पुढून गज घालून ते ठोकून काढायचा प्रयत्न कधीही करू नका. जवळच्या बंदूक-कारागिराला आधी फोन करून परिस्थिती सांगा आणि तो सांगेल तसंच करा.

दरम्यान रिसीव्हरच्या खालच्या बाजूला, पुढे कोरलेला क्रमांक लिहून घ्या. स्थानिक पोलिसांच्या साध्या, म्हणजे तातडीच्या नसलेल्या, नंबरवर फोन करून ती चोरीची नाही ना, याची खात्री करा. घर विकणाऱ्या कुटुंबालाही विचारा. कदाचित ती कुणाच्या वडिलांची असेल आणि घरचे ती वर्षानुवर्षं शोधत असतील.

क्रमांक २७ लाखांच्या आतला असेल तर रायफल १९६४ च्या आधीची आहे. जॉन ब्राउनिंगने आखलेलं हे मॉडेल कनेटिकटमधल्या न्यू हेवनच्या कारखान्यात ७० लाखांहून जास्त संख्येने बनलं, पण जुन्या घडणीच्या रायफलींना आजही वेगळा मान आहे. अशा रायफलीला हात लावण्याआधी पुढचं उत्तर दोनदा वाचा.

आई म्हणते चिंच-मीठ लाव, नवरा म्हणतो व्हिनेगरमध्ये बुडव. कोणाचं ऐकू? (मिशिगन)

या बाबतीत दोघांचंही नाही. चिंच तांब्या-पितळेला उत्तम, पण इथे ती घात करील. आपल्याला दिसतो तो लाल गंज हे लोखंडाचं एक ऑक्साइड, आणि रायफलीचं जुनं काळं-निळं ब्लूइंग, म्हणजे पोलादावर मुद्दाम चढवलेला रक्षक थर, हे लोखंडाचंच दुसरं ऑक्साइड. आम्लाला या दोघांतला फरक कळत नाही. व्हिनेगर, चिंच, लिंबू, फॉस्फोरिक आम्लाची जेली, सगळे लाल काढता काढता काळंही खाऊन टाकतात. बाजारात मिळणारी गंज काढण्याची सौम्य द्रावणंसुद्धा ब्लूइंग सोडत नाहीत. मिठाचं तर नावच काढू नका. ते खड्ड्यांत बसतं, ओल धरतं आणि महिन्याभरात नवा गंज वर येतो.

घरातला बिडाचा तवा आठवा. त्याचा काळेपणा आपण घासून काढत नाही, जपतो. तेच इथे करायचं आहे.

गंज पातळ असेल तर हलकं तेल आणि सर्वांत बारीक, चार शून्यांचं स्टील वूल पुरेसं आहे. दाब द्यायचा नाही. तेल तांबडं झालं की पुसायचं, नवं घालायचं. एक संपूर्ण संध्याकाळ जाईल, जाऊ द्या.

गंज जाड असेल तर माझी आवडती रीत उकळण्याची. सुटे भाग ॲसिटोनने तेलमुक्त करा आणि डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळा. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार डाग पाडतात. उकळत्या पाण्यात लाल ऑक्साइडचं काळ्यात रूपांतर होतं. बाहेर काढलं की पृष्ठभागावर मऊ काजळी आलेली दिसते. ती तेल काढलेल्या स्टील वूलने अलगद झाडून काढा आणि पुन्हा उकळा. तीन-चार फेऱ्यांत काजळी येणं थांबतं. मग भाग गरम असतानाच तेल लावा. नळीसाठी लांब पत्र्याचं पात्र लागेल, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. जुन्या कारागिरांचं ‘रस्ट ब्लूइंग’ याच रसायनावर उभं आहे. ते आधी मुद्दाम गंज चढवतात आणि मग तो उकळून काळा करतात.

मी सुरुवातीला एका १८९४ मॉडेलच्या रायफलीवर तारेचं फिरतं चाक चालवलं होतं. दोन तासांत ती चांदीसारखी चमकली आणि नळीवरची कारखान्याची अक्षरं पुसट झाली. ती अक्षरं परत आणता येत नाहीत. त्या रायफलीबद्दल मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे इतकं लांबवून सांगतो आहे.

मी एच-१बी व्हिसावर आहे. शेजारचे आजोबा त्यांची गंजलेली मार्लिन ३३६ मला भेट देऊ म्हणतात. घेऊ का? (ओहायो)

आज घेऊ नका. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत. वैध अमेरिकन शिकार परवाना हा त्यांतला नेहमीचा. पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाला जरूर विचारा, कारण इथली चूक थेट व्हिसावर येते. नुसती दुरुस्तीसाठी म्हणून आपल्या गराजमध्ये ठेवणं हेही बाळगणंच. ग्रीन कार्डधारकांना हा निर्बंध नाही.

तोवर आजोबांकडून तिची माहिती गोळा करा. मार्लिन १९७३ नंतरची असेल तर क्रमांकाचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा केले की साल मिळतं. २५ ने सुरुवात असेल तर १९७५.

१९६४ नंतरची विंचेस्टर ९४ आहे. जुनं काढून नवं ब्लूइंग केलं. नळी सुंदर काळी झाली, रिसीव्हर मात्र जांभळट. माझं काय चुकलं? (टेक्सास)

तुमच्या हातात काही चुकलेलं नाही. १९६४ मध्ये खर्च कमी करण्यासाठी घडण बदलली. पुढे बरीच वर्षं रिसीव्हर अशा धातूचा होता की त्यावर साधं ब्लूइंग नीट चढत नाही. कारखान्यात त्यावर आधी वेगळा थर चढवत आणि मग काळा करत. तो थर घासला गेला की नेहमीचं द्रावण रंग धरत नाही. या विशिष्ट रिसीव्हरचं काम करणारा कारागीर शोधा, नाहीतर जांभळट राहू द्या. शिकारीला त्याने काही फरक पडत नाही.

दस्ता तेलाने काळाकुट्ट झालाय, एक-दोन पोचे आहेत. पॉलिश पेपर मारून वार्निश लावू का? (मेन)

पॉलिश पेपर नको. कारखान्यात लाकूड धातूला मिळवून घासलेलं असतं. तुम्ही अर्धा मिलिमीटर जरी उतरवलात तरी धातूची कड वर येते, आणि ते आयुष्यभर डोळ्यांत खुपतं.

तेल शोषून काढा. खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या, वाळला की झटका, पुन्हा द्या. पूड तपकिरी होत जाते आणि आतला अक्रोड दिसू लागतो. हे काम मोकळ्या हवेत, विस्तवापासून दूर करा. पोच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. शेवटी उकळलेल्या जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर निदान एक दिवस थांबून.

त्या तेलाचे बोळे चुरगळून कचऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नळीच्या आत बारीक खड्डे दिसतात. .३०-३० काडतुसाची आहे. चालवता येईल? (मिनेसोटा)

बहुतेक वेळा येते. पीळदार खाचांत थोडे खड्डे असले तरी शंभर यार्डांवर हरणाला पुरेल इतका नेम मिळतो. काडतूस बसतं त्या जागेतले खड्डे मात्र वाईट, रिकामी कवचं तिथे अडकतात. नळीत कुठे कडं उमटल्यासारखा फुगवटा दिसला तर ती नळी बाद. पहिली गोळी झाडण्याआधी कारागिराकडून गेजने हेडस्पेस, म्हणजे बंद यंत्रणेत काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घ्याच.

मॅगझिनमध्ये, म्हणजे नळीखालच्या काडतुसांच्या नळीत, चपट्या टोकाचीच काडतुसं घाला. साधं टोकदार काडतूस पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे बुडाच्या स्फोटक टोपीवर, टेकतं आणि धक्क्याने तो फुटू शकतो. ९४ ची नळी सहसा तोंडाकडून साफ करावी लागते, म्हणून गजाला गार्ड लावा. तोंडाची कड झिजली की नेम गेला.

सगळं काम झालं. आता ठेवू कशी? (पेनसिल्व्हेनिया)

स्पंजाच्या अस्तराच्या पेटीत ठेवू नका, स्पंज ओल धरून ठेवतो. कुलपाच्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, हाताळल्यावर दरवेळी घामाचे ठसे तेलाच्या फडक्याने पुसून ठेवा. आणि पहिले काही आठवडे तोंड खाली करून उभी करा, म्हणजे जादा तेल दस्त्यात न उतरता नळीच्या तोंडाशी जमेल. तिथे एक जुनं फडकं अंथरा.