'कोलाबो' म्हणजे फितूर का?

एका वाचकाने विचारलं आहे: "आमच्या चित्रपट मंडळाच्या पत्रकासाठी 'लाकोंब ल्युसिएं' या १९७४ च्या फ्रेंच चित्रपटाचा परिचय लिहिला. त्यात 'कोलाबोरास्यों'ला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांनी ताबा घेणाऱ्या जर्मनांना दिलेल्या साथीला, मी 'सहकार्य' म्हटलं होतं. पत्रक तपासणाऱ्यांनी ते खोडून सगळीकडे 'फितुरी' केलं आणि नायकाला 'फितूर तरुण' करून टाकलं. बरोबर काय? आणि 'जर्मनव्याप्त फ्रान्स' म्हणावं की 'जर्मनांच्या ताब्यातला'?"

तुमचा 'सहकार्य' फिका आहे, हे मान्य. पण 'फितुरी' त्याहून जास्त घोटाळा करते.

'साक्षीदार फितूर झाला' हे आपण कोर्टाच्या बातम्यांत नेहमी वाचतो. काल आपल्या बाजूचा होता, आज उलटला. किल्ल्यांच्या गोष्टींतला फितूर रात्री दरवाजाचा अडसर काढून शत्रूला आत घेतो. 'फितवणे' या क्रियापदातही कुणीतरी कानाशी लागलेलं असतं. म्हणजे फितुरी ही चोरून करायची गोष्ट. चारचौघांत, सरकारी शिक्का मारून कुणी फितुरी करत नाही.

फ्रान्समध्ये झालं ते नेमकं चारचौघांत झालं. जून १९४० मध्ये फ्रान्स हरला. २२ जूनच्या शस्त्रसंधीच्या तिसऱ्या कलमातच होतं की व्याप्त प्रदेशातल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी जर्मन लष्करी अंमलदारांचे नियम पाळावेत आणि त्यांच्याशी रीतसर 'सहकार्य' करावं. चार महिन्यांनी, २४ ऑक्टोबरला, ८४ वर्षांचा मार्शल पेतँ माँत्वार गावच्या रेल्वे स्टेशनात हिटलरला भेटला. दोघांनी हात मिळवला, तो फोटो सगळीकडे झळकला. ३० ऑक्टोबरला पेतँने रेडिओवरून देशाला सांगितलं, की आपण आजपासून सहकार्याच्या मार्गावर पाऊल ठेवत आहोत. राष्ट्रप्रमुख स्वतः हे सांगतो आहे, त्यात चोरून ते काय?

म्हणून माझा कौल 'हातमिळवणी'ला आहे. निवडणुकीनंतर कालचे वैरी एक झाले की आपण 'हातमिळवणी केली' म्हणतो. ती उघड असते, शिवाय बोलणाऱ्याची नाराजीही शब्दात उतरते. 'सहकार्य'मध्ये ती नाही. सहकारी बँका, ऑफिसातले सहकारी, यांवर कसली सावली पडलेली नाही. खरं तर परक्या सत्तेशी कसं वागावं या वादात हा शब्द आपल्याकडेही सापडला होता. टिळकांची 'प्रतियोगी सहकारिता' आणि गांधीजींचा 'असहकार' ही त्याच वादातली नावं. पण 'सहकारी' म्हणजे देशद्रोही असा अर्थ काही चिकटला नाही. फ्रेंचमध्ये 'कोलाबोरातर' आजही ऑफिसातला साधा सहकारी असतो, मात्र त्याचंच आखूड रूप 'कोलाबो' ही शिवी आहे. एकाच ठिकाणी मी 'सहकार्य' ठेवीन: पेतँच्या तोंडी. त्याला निष्पाप शब्दच हवा होता.

'फितुरी'ला माझा विरोध शब्दाच्या हौसेपोटी नाही. १६ आणि १७ जुलै १९४२ ला पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यूंना पकडण्यात आलं. त्यांत चार हजारांहून जास्त मुलं होती. दारं ठोठावणारे पोलीस फ्रेंच होते. ते कुणाला फितूर झाले होते? आपल्याच सरकारचा हुकूम बजावून ते घरी जेवायला गेले. अलँ रेनेच्या 'न्युई ए ब्रुयार' या नाझी छळछावण्यांवरच्या १९५६ च्या माहितीपटात फ्रान्समधल्याच एका छावणीचं छायाचित्र आहे. त्यात पहाऱ्यावरचा फ्रेंच जंदार्म, म्हणजे पोलीस शिपाई, उभा आहे, डोक्यावर त्याची ओळखीची केपी टोपी. सेन्सॉरने हरकत घेतली. मग छायाचित्रावर एक आडवी तुळई रंगवून टोपी झाकली, तेव्हा परवानगी मिळाली. माणूस तसाच राहिला, तो कुठला हे तेवढं कळेनासं झालं. आपण 'फितुरी' लिहितो तेव्हा तीच तुळई रंगवतो. दोष चार गद्दारांच्या माथी जातो आणि टोपीवाला सुटतो. यात फ्रेंच राज्याचाही हात होता, हे राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून ऐकायला फ्रेंचांना १९९५ उजाडावं लागलं. शिराक तेव्हा बोलले.

माणसांसाठी मात्र एकच शब्द पुरणार नाही. मनापासून नाझी विचारांचे झालेले लेखक-पत्रकार होते, त्यांना 'जर्मनधार्जिणे' म्हणा. 'इंग्रजधार्जिणा' आपल्याकडे रुळलेला आहेच. त्यांतल्या रोबेर ब्राझियाकला फेब्रुवारी १९४५ मध्ये गोळ्या घातल्या. त्याच्यावरचा आरोप होता 'शत्रूशी अँतेलिजाँस' (इंग्रजी 'इंटेलिजन्स'चंच फ्रेंच रूप). याचं भाषांतर 'शत्रूला गुप्त माहिती देणे' असं केलेलं मी वाचलं आहे, ते चुकीचं आहे. इथे तो शब्द बुद्धीचाही नाही आणि हेरगिरीचाही नाही, आतून जुळवून घेण्याचा आहे. आपल्या जुन्या मराठीत तयार आहे: शत्रूशी संधान बांधणे. इतकं चपखल भाषांतर क्वचित हाती लागतं.

आणि 'फितूर' जिथे शोभतो तिथे जरूर वापरा. मेलव्हिलच्या 'लार्मे देझोंब्र' या चित्रपटात (१९६९) जर्मनांविरुद्ध लपून लढणाऱ्या प्रतिकार गटातलाच एक पोरगा आपल्या म्होरक्याला पकडून देतो. साथीदार त्याला एका घरात नेतात. शेजारी माणसं राहतात, पिस्तुलाचा आवाज जाईल, म्हणून शेवटी टॉवेलने गळा आवळतात. तो पोरगा फितूर. दुसरा शब्दच नाही.

जाता जाता, हातमिळवणीच्या उलट टोकाचा शब्दही मराठीत सुरेख आहे. वेर्कोरच्या 'ल सिलाँस द ला मेर'मध्ये (१९४२, चोरून छापलेलं पुस्तक) एका जर्मन अधिकाऱ्याला काका-पुतणीच्या घरात राहायला पाठवतात. तो रोज संध्याकाळी येऊन बोलतो, ती दोघं एक अक्षर बोलत नाहीत. याला 'शांतता' किंवा 'मौन' कसं म्हणणार? हा अबोला आहे. अबोला एका छपराखालीच धरला जातो, आणि तो कधीतरी सुटेल अशी आशा निदान एकाला असते. इथे ती त्या जर्मनाला आहे. पुतणी त्याच्याशी एकच शब्द बोलते, शेवटी: 'आदिय', म्हणजे कायमचा निरोप.

आता 'व्याप्त'. बिनधास्त वापरा, 'पाकव्याप्त काश्मीर'मुळे तो कानाला सरावला आहे. फ्रेंच 'ओक्युपे' हा फोनची लाइन गुंतलेली असली तरी चालतो, शौचालयाच्या कडीवरही असतो आणि फौजेने घेतलेल्या मुलखालाही लागतो. आपला 'कामाचा व्याप' आणि 'व्याप्त' हेही एकाच धातूचे. फक्त 'जर्मनव्याप्त फ्रान्स' लिहिताना साल पाहा. नोव्हेंबर १९४२ पर्यंत दक्षिणेचा मोठा भाग व्याप्त नव्हता, तिथे विशी या गावातून कारभार करणारं पेतँचं सरकार होतं.

राहिला तुमचा ल्युसिएं. १९४४ चा उन्हाळा, खेड्यातला अडाणी पोरगा, हॉस्पिटलात फरशी पुसतो. आधी तो प्रतिकारवाल्या मास्तरांकडे जातो, मास्तर परत पाठवतात. सायकल पंक्चर होते, संचारबंदीच्या वेळी तो जर्मन पोलिसांच्या फ्रेंच हस्तकांच्या हॉटेलापाशी सापडतो. ते त्याला दारू पाजतात आणि तो मास्तरांचं नाव सांगून बसतो. तो कुठल्याच बाजूचा नव्हता, मग फितूर कसा होईल? जर्मनधार्जिणाही नाही, त्याला विचारच नाहीत. पुढे तो हस्तक होतो, बंदूक आणि रुबाब त्याला आवडू लागतो, हे खरं. पण पहिल्या रात्री त्याला नाम लावू नका, क्रियापद लावा. पत्रकात असं लिहा: "मास्तरांनी नाकारलेल्या ल्युसिएंला जर्मनांचे हस्तक दारू पाजून फितवतात, आणि मग तो त्यांच्यातच राहतो."