एक्सेलमध्ये 'नीट केलेली' फाइल आणि साडेसहा लाखांची नोटीस

प्रश्न : जुळे सोलापुरात माझं कॉम्प्युटर सर्व्हिसचं छोटं दुकान आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं काम मी चार वर्षं बघतोय. एप्रिलमध्ये त्यांनी नवं अकाउंटिंग सॉफ्टवेअर घेतलं. जुन्या मशीनवरचा डेटा एक्स्पोर्ट करून पार्ट्या, बिलं आणि जमा अशा तीन सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या) फाइली मी अकाउंटंटना पेनड्राइव्हवर दिल्या, त्याच संध्याकाळी ईमेलही केल्या. इम्पोर्ट नव्या सॉफ्टवेअरवाल्यांनी केलं. आता बिलं भलत्याच पार्टीच्या खात्यावर दिसतात, तारखाही उलटसुलट झाल्यात. अकाउंटंट तेव्हा सहज बोलून गेले होते, "एक्सेलमध्ये उघडून जरा नीट करून दिली." मालकांची वकिलामार्फत नोटीस आली आहे : १५ दिवसांत ६,५०,००० रुपये भरा, नाहीतर आयटी अ‍ॅक्टखाली (माहिती तंत्रज्ञान कायदा) पोलिसात जाऊ. माझं ४२,००० चं बिलही अडकवलंय. जुनं मशीन ते भंगारात काढणार आहेत. मित्र म्हणतो, लॅपटॉप फॉरमॅट कर आणि मोकळा हो. काय करू?

उत्तर : लॅपटॉप फॉरमॅट करू नका. आज, आत्तापासून त्याला हातही लावू नका. त्या लॅपटॉपमधली फाइल हा तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. पुरावा म्हणून मागितला जाऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे. म्हणजे आज तुमच्याकडून गुन्हा घडलेला नसेल, तर मित्राचं ऐकून तो घडेल.

आधी पोलिसांची भीती. आयटी अ‍ॅक्टचं कलम ६६ लागायला दोन गोष्टी लागतात : कलम ४३ मधलं कृत्य, म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये केलेली ढवळाढवळ, आणि त्यामागे अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा हेतू. तुम्हाला त्यांनीच बोलावलं, त्यांच्याच मशीनवर बसवलं. तक्रार झालीच तरी या कलमाला जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा आहे आणि गुन्हा जामीनपात्र आहे. रात्रीची झोप घालवण्यासारखं यात काही नाही. खरा वाद दिवाणी आहे आणि तो एकाच प्रश्नावर फिरतो : तुमच्या हातून गेली तेव्हा फाइल कशी होती?

तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून माझा तर्क असा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचा कोड ००४१७ असा असतो. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती दोनदा क्लिक करून उघडली की एक्सेल त्याला आकडा समजतं आणि ४१७ दाखवतं. बघून बंद केली तर मूळ फाइल शाबूत राहते, पण 'सेव्ह' दाबलं की पुढची शून्यं कायमची गेली. मग ००४१७ आणि ४१७ अशा दोन वेगळ्या पार्ट्या असतील तर त्या एक होतात, आणि चाटी गल्लीतल्या व्यापाऱ्याचं बिल हैदराबादच्या पार्टीच्या डोक्यावर बसतं. तारखांचंही तेच. मशीनची सेटिंग अमेरिकन पद्धतीची असेल तर ०५/०४ ही ५ एप्रिल न राहता ४ मे होते. १७/०४ मात्र तशीच राहते, कारण सतरावा महिना नसतो. काही तारखा बरोबर आणि काही उलट्या दिसत असतील, तर बोट एक्सेलकडेच जातं. मालकांनाही हे कळायला हवं, कारण उधारीच्या दाव्याची ३ वर्षांची मुदत मोजताना बिलाची तारीखही महत्त्वाची ठरते.

पण तर्कावर कोर्ट चालत नाही. इथे तुमचा ईमेल कामी येतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर, दोन माहीतगार माणसांसमक्ष, 'सेंट' मधल्या त्या ईमेलच्या तिन्ही फाइली उतरवून घ्या आणि प्रत्येकीचा हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा अंगठ्याचा ठसा, काढा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा आधीपासूनच असते. एसएचए-२५६ पद्धतीने येणारा हॅश ६४ आकडे-अक्षरांचा असतो. फाइलचं नाव बदललं तरी तो तोच राहतो, पण आतला एक स्वल्पविराम हलला तरी पार वेगळा येतो. तो कागदावर उतरवा, तारीख-वेळ घाला, तिघांच्या सह्या घ्या. लॅपटॉपमधल्या फाइलींचा हॅश तज्ज्ञाकडून काढून घेऊ, तोही हार्डडिस्कची जशीच्या तशी प्रत घेतल्यावर. दोन्ही जुळले, तर एप्रिलच्या त्या संध्याकाळी काय गेलं ते पक्कं झालं. फाइल देतानाच हॅश लिहून अकाउंटंटची सही घेतली असती, तर हे पत्र लिहायची वेळ तुमच्यावर आली नसती. पुढच्या प्रत्येक कामात ते कराच, सोबत एकूण नोंदी किती आणि रकमेची बेरीज किती हेही लिहा.

भारतीय साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली अशा नोंदीसोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं : 'अ' भाग तुमचा, 'ब' भाग तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत हॅश लिहायचा रकाना आहे. समोरच्यांच्या कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र ते देणार नाहीत, हे गृहीत धरा. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात हीच अडचण आली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखाली सांगितलं, की प्रमाणपत्र हवंच, पण मागूनही मिळत नसेल तर ते देण्याचा हुकूम कोर्टाकडून मागता येतो. म्हणून आधी लेखी मागून ठेवायचं.

माझ्याकडे एका सूत व्यापाऱ्याचा दावा होता. खातेउताऱ्याची फाइल त्यांनी कोर्टात देण्याआधी "फक्त कॉलम रुंद करायला" उघडली आणि सेव्ह केली. उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी एवढंच विचारलं, "ही फाइल शेवटची कधी बदलली?" तारीख दावा दाखल झाल्यानंतरची निघाली. बाकी खरी होती, तरी तो उतारा आम्हाला वापरता आला नाही. तुमच्या बाबतीत मला ते होऊ द्यायचं नाही.

आता कटू भाग. ईमेलमधल्या फाइलींतच शून्यं गेलेली निघाली, तर चूक तुमच्या टेबलावर झाली. ते लपवू नका, मला आधी सांगा. तेव्हाही ६,५०,००० आपोआप देणं लागत नाही. करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे चुकीतून सरळ उद्भवलेलं नुकसान तेवढं भरून द्यायचं, आणि ते टाळायचे कोणते उपाय मालकांच्या हाती होते हेही कोर्ट बघतं. जुन्या मशीनवर मूळ हिशेब शाबूत असेल तर पुन्हा एक्स्पोर्ट करायला फार तर काही दिवस. ३१ मार्चची तेरीज (सगळ्या खात्यांच्या बाक्यांची यादी) त्यांच्या सीएकडे असणारच, तिच्याशी बाकी ताडून बघता येते.

बिलाचं थोडक्यात : काम घेण्याआधीपासून तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) असेल तर ४५ दिवसांपलीकडे थकलेल्या रकमेवर एमएसएमई कायद्याने चक्रवाढ व्याज मागता येतं. नसेल तर साधी वसुली.

नोटिशीला उत्तर १५ दिवसांच्या आत, स्पीड पोस्टाने जाईल. त्यात आरोप नाकारू, बिल मागू, आणि जुनं मशीन, अकाउंटंटचा कॉम्प्युटर व तो पेनड्राइव्ह जसेच्या तसे जपून ठेवण्याची लेखी मागणी करू. मशीन भंगारात गेलंच, तर त्याचा जाब त्यांना द्यावा लागेल. शेवटी एक प्रस्तावही ठेवू : दोन्ही बाजूंसमक्ष जुन्या मशीनवरून नव्याने एक्स्पोर्ट, जागेवरच हॅश, आणि तीच फाइल न उघडता थेट इम्पोर्ट. चार वर्षांचं गिऱ्हाईक आहे. मालकांना त्यांची येणे-बाकी हवी आहे, तुम्हाला तुमचं बिल. नोटीस आणि त्या संध्याकाळी पाठवलेल्या ईमेलची छापील प्रत घेऊन या. लॅपटॉपही आणा, बंदच असू द्या.